बहात्तर सेकंद

न्हाई, न्हाई — बिघाड म्हनू नका, साहेब. बाकी काय बी म्हना. आगाव म्हना, तोंडाळ म्हना, मी ऐकून घेईन — पर माझ्या कामात बिघाड झाला असंल असं ह्या उंब्रजात आजवर कुनी म्हनलेलं न्हाई, आन् तुमी कराडास्नं फाईल काखेत मारून आलायसा म्हनून तुमचं तरी का ऐकू? बसा की. त्या खुर्चीवर नगं, ती डुगडुगती, सकाळीच एक तलाठी पडता पडता वाचला — हितं बसा, प्रिंटरच्या कडंला. राजेश्वरी म्हंजे मीच. पाटीवर मालकाचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं, नाव हाय, पर मालकाला माऊस कुठल्या हातात धरायचा ह्येचाच अजून इचार पडतो. चौदा वरसं झाली ह्या दुकानाला. लग्नाच्या पत्रिका, दाखले, वाढदिवसाचं बॅनर, संस्थांचं अहवाल — ज्यास्नी चार वळी धड लिवता येत न्हाईत त्येंची भाषनं मीच टाईप करती, आन् खरं सांगू का, मीच लिवती बी. मंग ती मानसं स्टेजवर जाऊन माझंच वाक्य अडखळत वाचत्यात आन् खाली बसून मला ते ऐकावं लागतं.

तुमचा कागद वाचला मी, पुन्यांदा वाचून दाखवू नका. माळावरच्या जोतिबानं अर्ज केला, तुमच्या सहकार खात्याच्या ऑफिसनं त्यावर शिक्का मारला, आन् तुमी माझ्या दारात. 'पानीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत पडद्यावर लावलेल्या घड्याळामुळं सभासदाला बोलायला पुरती येळ मिळाली न्हाई' — आसंच हाय नव्हं? आता ह्यात अडलंय कुठं ते मला बी कळतं, मी काय दूधखुळी न्हाई. घड्याळ बरोबर तर सभा बरोबर. सभा बरोबर तर ठराव बरोबर. आन् ठराव बरोबर म्हंजे दिवाळी झाली की वरच्या माळाची शेवटची चावी कायमची बंद — पाइपातनं येनारं तेवीस घरांचं पानी तुटलं, आन् ते वळलं खाली, चेअरमन आप्पासोच्या उसाच्या नव्या लागनीला. घड्याळ चुकीचं निघालं तर सगळी सभा परत घ्यायची. व्हय का न्हाई? मंग मी सांगती ते लिवा — घड्याळ मी केलं, ते चोख हुतं, बिघाड न्हाई. झालं तुमचं काम.

न्हाई उठायचं? बरं. बसा मंग. घड्याळाचं म्हनाल तर वीट आलाय मला त्येचा. ह्या दोन-तीन वरसांत ज्याला बघावं त्येला स्लायडीवर उलटं पळनारं घड्याळ पायजे. परवा एक गुरुजी आलं — वर्गात पोरं किती, तर अकरा — म्हनं गटचर्चा, पाच मिनटं, आकडं लाल पायजेत, शेवटी फटाका फुटला पायजे. अवो गुरुजी, पोरं चर्चा करनार कवा? ती तोंडं उघडी टाकून आकडंच बघत बसत्यात. चर्चेत काय झालं इचारलं तर म्हनत्यात फटाका फुटला. गुरुजी खूश, वरच्या सायबाला फोटू गेला, वरचा सायेब बी खूश. आन् एकीनं तर बारशाला लावलं! खरंच. पोराचं नाव पडद्यावर यायच्या आदी धा, नऊ, आठ… आन् हिकडं आत्याबाई पाळन्यावर वाकलेली, कानात कुर्र करायला, तिला कोन थांबवनार? पाचावर आकडा असतानाच तिनं नाव सांगून टाकलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटं घातलं, घुगऱ्या वाटायला सुरवात झाली, आन् मागं पडद्यावर चार, तीन, दोन चालूच. पोरगं झोपलेलं. दुसऱ्या दिशी ती बया मला फोन करून म्हनती, तुमचं घड्याळ मागं पडलं. माझं घड्याळ! तिची नणंद म्होरं पळाली त्येला मी काय करू?

आमच्या आप्पासोला ह्ये याड लागलं पुन्याला. कसलं तरी शिबिर हुतं चेअरमन लोकांचं, तिथं एक टायवाला बाबा आला, त्यानं पडद्यावर घड्याळ लावलं आन् बरोबर ईस मिनटांत गप बसला. बास. आप्पासोला वाटलं आपल्याला ज्ञान झालं. दुसऱ्या दिशी पांढरी गाडी दुकानाम्होरं — 'राजेश्वरी, आपल्या सभेला बी आसंच पायजे. दर सभासदाला दोन मिनटं. शून्य झालं की घंटा.' आता आमची सभा तुमी बघितलेली न्हाई. आमच्यातला मानूस उठला की आज्यापासनं सुरवात करतो. मोटर का जळली एवढं सांगायचं असतं, पर भावकी, बांध, थोरल्या चुलत्याची दुसरी बायको, सगळं हून मंग मोटरीवर येतो. गेल्या साली एकानं सव्वा तास घेतला आन् शेवटाला म्हनला, माझी तशी काय तक्रार न्हाई. मंग आप्पासोचं काय चुकलं? मला बी तवा आसंच वाटलं. त्या मानसांची मला काडीची कीव न्हाई, साहेब. बोलायचं म्हनून बोलत्यात. घरात बायकूला बोलू देत न्हाईत आन् सभेत माईक सोडत न्हाईत.

कसं करत्यात म्हंजे? तुमी ऑफिसात कंप्युटरवर करता तरी काय, पत्तं खेळताय? ऐका. पडद्यावर पळतं ते घड्याळ नसतंयच. चित्रं असत्यात. एका स्लायडीवर दोन मिनटं, दुसरीवर एक मिनीट एकोनसाठ, तिसरीवर एक मिनीट अठ्ठावन — अशा एकशेवीस स्लायडी एकामागं एक, आन् शेवटाला शून्याची. दर स्लायडीला सांगून ठेवायचं की तू एक सेकंद थांब आन् मंग म्होरलीला जागा दी. शून्याला घंटा चिकटवायची. मानसास्नी वाटतं घड्याळ चाललंय. चालत काय बी न्हाई, पानं उलटत्यात. नेटवर आयती मिळत्यात, त्यात फुगं उडत्यात, कसली तरी इंग्रजी धून वाजती — मी आयतं वापरत न्हाई. हातानं केलं. घंटा बी आयती न्हाई, आमच्या मराठी शाळेत जाऊन खरी घंटा रेकॉर्ड करून आनली, शाळा सुटायच्या टायमाची. मोबाईल लावून तीनदा मोजलं — दोन मिनटाला दोन मिनटं, केसाचा फरक न्हाई. आप्पासोला दाखवलं तर म्हनतो, 'ह्यात माझा फोटू कुठं हाय?' मंग शून्याच्या मागं त्येचा फोटू घातला. आकडा शून्य आन् मागं आप्पासो हात जोडून.

सभा मंगल कार्यालयात. तीनशे खुर्च्या, मागं जेवनाचा वास, समद्यांचं ध्यान आमटी कवा उतरती तिकडं. मी स्टेजच्या कडंला लॅपटॉप घिऊन. पैल्या विषयाला एक म्हातारा उठला, पाइप फुटल्याचं सांगाय लागला, फुटका पाइप ऱ्हायला बाजूला आन् सोयरीक कुठं मोडली ते सांगाय लागला — दोन मिनटं झाली, घंटा वाजली टन्नदिशी. म्हातारा दचकला. आन् आप्पासोचा पुढं बसिवलेला मानूस वरडला, 'मंजूर!' आता आमच्याकडं एकानं मंजूर म्हनलं की तीनशे गळ्यांतनं मंजूर निघतं, काय मंजूर ते कुनी इचारत न्हाई. दुसऱ्या विषयाला बी तसंच. घंटा — मंजूर. तिसऱ्याला तर पाचावर आकडा आला तवाच हात वर. आन् चौथ्याला एक जन इरोध करायला उठला हुता, मुठी आवळून बोलत हुता, घंटा वाजली तसा त्योच हात वर करून वरडला — मंजूर! सोताच्याच इरोधात! हसू नका, साहेब, तुमच्या अहवालात घ्या ते. 'सभासदांनी एकमतानं मंजूर केलं' असं लिवत्यात नव्हं तुमच्या कागदात? ते एकमत माझ्या घंटेचं हाय.

सुभेदार? व्हय, सहावा विषय. शेवटची चावी. माळावरचं सुभेदार लालासाहेब उठलं बोलायला. आता गंमत बघा. घंटेचा मान तसा कुनीच ठेवत नव्हतं — म्हंजे मंजूर म्हनून झालं की बोलनारा परत बोलायचाच, आनखी पाच मिनटं, आप्पासो हात जोडायचा तवा बसायचा. तीनशे मानसांत घंटेला थांबलं कोन? एकटं सुभेदार. बोलता बोलता पडद्यावर शून्य आलं आन् मानूस गप. वाक्य अर्धं. 'म्हणून माझी सभेला विनंती आहे की' — बास. विनंती काय ती तोंडातच ऱ्हायली. टाचा जुळवल्या, खाली बसलं. मंजूर! झाला ठराव. इरोधाची नोंद न्हाई, कारन इरोध केलाच न्हाई. अवो, बोला की! तोंड हाय नव्हं तुमास्नी? समदी बोलत्यात तसं घुसून बोला! तेवीस घरांचं पानी चाललंय आन् ह्यो मानूस पडद्यावरच्या चित्राचा हुकूम पाळतो. तीस वरसं मिल्ट्रीत काढली की दुसरं काय व्हायचं? आठ दिवस अंगनात सराव केलेला, मनगटावरचं घड्याळ हातात धरून, गोठ्याकडं तोंड करून. लिवायचं, खोडायचं, पुन्यांदा लिवायचं. एक मिनीट पन्नास सेकंदात बसिवलं सगळं, धा सेकंद हाताशी राखून. आन् जी मागायची गोष्ट ती ठेवली शेवटच्या चाळीस सेकंदात! आदी नमस्कार, मंग संस्थेचा इतिहास, मंग तेवीस घरांची यादी, मंग कलमवार विनंती. कुठल्या शान्या मानसानं —

मला कसं ठाऊक? आईनं सांगितलं. बनुबाईनं. व्हय, माझी आई, त्येंची बायकू. माझं वडील हायेत ते. तुमास्नी कागदावरनं कळलं नसंल, मी सासरचं आडनाव लावती. आता आसं भिवया वर करून बघू नका, वडील हायेत म्हनून मी काय बिघाड केला असं हुत न्हाई. कामाच्या जागी काम.

काय म्हनलासा? लॅपटॉप जुना असंल, गरम झाला असंल, आकडं आपोआप पळालं असत्याल — तसं लिवू म्हनताय? म्हंजे सभा परत हुईल आन् कुनाचं नाव बी यायचं न्हाई. लय दयाळू हायसा. आन् उद्या सगळं उंब्रज म्हनंल, राजेश्वरीला साधं दोन मिनटांचं घड्याळ करता येत न्हाई. त्या पुलाखालच्या दुकानदाराकडनं करून घेतलं असतं तर बरं झालं असतं म्हनत्याल — त्येला, ज्येला पत्रिकेवर गनपती सरळ बसिवता येत न्हाई! न्हाई, साहेब. हितं बघा. ह्योच लॅपटॉप, हीच फाईल. काढा तुमचा मोबाईल, लावा मोजायला. धरा. — बघत ऱ्हावा. — हं. किती झालं? दोन मिनटं. पुरती. दाखवा कुठं हाय बिघाड.

ती? ती दुसरी फाईल हाय. तिचं काय न्हाई. — अवो, हात नका लावू. — बरं, उघडा, मी काय चोरी केलीय? आप्पासोनं करून मागितली हुती. 'वाचाळ मानसांसाठी एक जरा घाईचं करून ठेव' म्हनला. आता त्यो आडानी, त्येला वाटलं सगळ्या आकड्यास्नी अर्धा सेकंद लावला की झालं. तसं केलं तर पैल्या चार आकड्यांत शेंबडं पोरगं बी वळखंल. मी तसं केलं न्हाई. पैल्या धा आकड्यास्नी पुरता सेकंद ठेवला — कारन सुरवातीला मानूस बघतो. शेवटच्या धाला बी पुरता — कारन शेवटाला सगळीच बघत्यात. आन् मधल्या शंभरास्नी अर्धा सेकंद आन् वर चिमूटभर. मधी कोन बघतो? मधी मानूस बोलत असतो, ऐकनारं बोलनाऱ्याच्या तोंडाकडं बघत असत्यात. एकशेवीस आकडं, बहात्तर सेकंदात. धरा मोबाईल, मोजा. — बघा! बहात्तर! ह्येला अक्कल लागती, साहेब, ह्यो काय बिघाड न्हवं. बिघाड असा नेमका बसत न्हाई कवा. तीन रात्री — न्हाई, तीन दुपारी घालवल्या ह्येच्यावर, दुकानात गिऱ्हाईक नसताना. पुन्याच्या त्या टायवाल्याला बी जमलं नसतं.

…लिवून घेतलं व्हय तुमी?

बरं. लिवा. मीच बोलली, तुमी काय माझ्या तोंडात घातलं न्हाई. फाईली दोन हुत्या. आप्पासोनं मागितल्या, मी केल्या. सुभेदारांच्या येळंला कुठली लावली ते आप्पासोला इचारा. — इचारलंय? काय म्हनला? — म्हनला, सुभेदारांना पुरतीच लाव असं सांगितलं हुतं? — खरं हाय. काय करायचं, जन्मात एकदा त्यो मानूस खरं बोलला तर ते बी नेमकं हितं. पाचवा विषय झाला तसा कानाशी यून म्हनला, 'तुझं वडील उठनार हायेत, त्येंना पुरती दोन मिनटं दी हां. मानाचा मानूस हाय. तसा बी ठराव हुनारच हाय.' तसा बी हुनारच हाय! तोंडात तंबाखू धरून म्हनला. त्येला ठाऊक हुतं घंटा वाजली की काय हुतं ते.

मंग का? का म्हंजे काय — बोट पडलं चुकून. गर्दी, आवाज, घाई — न्हाई. न्हाई, साहेब. मी दाबलं. ते बिघाड-बिघाड लावलंय तुमी आल्यापासनं, आता हे बी चुकून म्हनायचं म्हंजे… मी दाबलं. कळून दाबलं.

आबा, म्हंजे माझं वडील, आमचं बोलनं घड्याळावर ऐकायचं. सुट्टीवर आलं की आमी तिघी भैनी रांगेत, धाकटीपासनं, एकेकीला दोन मिनटं — बोला काय ते. शाळंचं, तब्येतीचं, काय पायजे ते. दोन मिनटांत बसलं तर बसलं. बाकीच्या दोघी लाडानं काय बी बोलायच्या. माझं डोस्कं इचार करनारं, मला सांगायला येळ लागायची. बारावीला मला सत्त्याऐंशी टक्के पडलं. सांगलीच्या कॉलेजात कंप्युटरच्या इंजिनिअरिंगला नंबर लागला. त्येच येळंला एक स्थळ आलं. आबा सुट्टीवर आलेलं. मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं आन् म्हनलं, 'बोल. दोन मिनिटं.' सतरा वरसाची पोरगी मी, काय बोलनार? पैलं मिनीट तर हुंदक्यांतच गेलं. मंग मी त्येंना सांगितलं की हॉस्टेलची चौकशी केलीय, मास्तर सोबत येतो म्हनलेत, पोरींचं वसतिगृह हाय, आन् मला सांगायचं हुतं की — ते सांगायच्या आदीच 'टाइम' म्हनलं आन् घड्याळ परत मनगटावर. मे महिन्यात लगीन. मालक गरीब हाय, तक्रार न्हाई. हे दुकान मी काढलं, मी शिकली, रात्रंदिस त्या डबड्यापुढं बसून. पर साहेब, ईस वरसं झाली, आन् काय सांगायचं हुतं ते अजून माझ्या घशात हाय.

आन् त्या दिशी त्योच मानूस माईकम्होरं, कागद हातात, इस्तरीचा सदरा, आन् माझ्याकडं वळून म्हनतो, 'चालू कर, बाळ.' बाळ! मी दुसरी फाईल लावली. मला वाटलं, एकदा तरी बघू दे, आपली येळ सरताना कसं वाटतं ते. ती चावी, ते पानी, ती तेवीस घरं — देवाशपथ सांगती, त्या घटकंला माझ्या डोस्क्यात बी नव्हती. मला वाटलं थांबत्यात कशाला? बाकीचं कोन थांबलं? घंटा वाजंल, जरा दचकत्याल, मंग बोलत्याल म्होरं. तेवढं दचकलेलं बघायचं हुतं मला, बास, बाकी काय न्हाई. आन् ते थांबलं! खरंच थांबलं! म्या पुन्यांदा लावू का असं म्हनायला तोंड उघडलं तवर मंजूर, मंजूर, टाळ्या. खाली बसताना त्येंनी मनगट बघितलं. मंग पडदा बघितला. मंग माझ्याकडं बघितलं. कळलं त्येंना. त्या मानसाला बहात्तर सेकंद आन् दोन मिनटं ह्यातला फरक कळत न्हाई व्हय? जेवायला थांबलं न्हाईत. तवापासनं मी माळावर गेली न्हाई. आईचा फोन येतो, म्हनती आबा बरं हायेत, सकाळी उठून त्या शेवटच्या चावीवर जाऊन बसत्यात, कुनाशी बोलत न्हाईत.

आता आनि काय काढताय फाईलीतनं? कुनाचा जबाब? — त्येंचा? कवा घेतला? — द्या हिकडं. अक्षर त्येंचंच हाय. 'मी, सुभेदार लालासाहेब, सेवानिवृत्त, लिहून देतो की सभेत मला दोन मिनिटांचा वेळ देण्यात आला होता. पडद्यावरील वेळ मी माझ्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहिली. ती बरोबर होती. दिलेल्या वेळेत बोलणे पूर्ण करणे ही माझी जबाबदारी होती, ती मला पार पाडता आली नाही. घड्याळ लावणाऱ्या व्यक्तीविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.'

व्यक्तीविषयी.

ह्यो मानूस जन्मात खोटं बोलला न्हाई, साहेब. धाकटीनं परीक्षेत कॉपी केली तर सोता तिला धरून मास्तरांकडं न्हेलं. चुलत्याच्या बाजूनं कोर्टात चुकीची साक्ष द्यायला नगं म्हनलं, तवापासनं भावाभावांत बोलनं न्हाई. आन् आता हे! सही करून! तारीख टाकून! कुनी सांगितलं हुतं त्येंना? मी सांगायला गेली हुती? तेवीस घरांचं पानी घालवून पोरीला वाचवाय निघाल्यात — मूर्ख मानूस! आयुष्यभर पोरीचं ऐकलं न्हाई आन् आता हे ऐकायला शिकलं? जोतिबाच्या पोरास्नी काय पाजनार हुतं, हा कागद?

म्हंजे कसं? नीट सांगा, तुमच्या ऑफिसच्या भाषेत नगं. ज्येची येळ गेली त्योच म्हनतो येळ बरोबर हुती — तर माझी दुसरी फाईल नुसती लॅपटॉपात पडलेली फाईल ऱ्हाती. लावली कुठली त्येला साक्षीदार मी एकटी, आन् मी आत्ता बोलली त्येच्याखाली माझी सही न्हाई. आन् बिघाड तर न्हाईच, ते मीच तुमच्या मोबाईलवर मोजून दाखवलं. म्हंजे हितं खाली सही केली, 'घड्याळ दोन मिनिटांचे होते' ह्येच्याखाली, की प्रकरन मिटलं. मी मोकळी. आप्पासो मोकळा. आन् दिवाळी झाली की चावी बंद.

न्हाई. ठेवा ते पेन. नवा कागद घ्या. लिवा मी सांगती ते. 'सुभेदार लालासाहेब ह्यांनी दिलेला जबाब खोटा आहे.' — लिवा म्हनती नव्हं! माझ्या आवाजाकडं ध्यान दिऊ नका, हात चालवा. 'ते खोटं बोलले आहेत. त्यांना बहात्तर सेकंद मिळाले. चेअरमननं पुरती वेळ द्यायला सांगितली असताना दुसरी फाईल जाणूनबुजून लावली, त्यांच्या पोरीनं.' व्यक्तीनं नगं. पोरीनं. राजेश्वरीनं. — व्हय, कळतंय मला काय हुईल ते. उद्यापासनं कुठली संस्था ह्या दारात यायची न्हाई. मला कळतंय, तुमी मला शिकवू नका. 'खोटा' शब्द पुसट आलाय, परत गिरवा. द्या हिकडं. कुठं करू सही? हितं? — झाली. ह्यो पेनड्राईव्ह, दोन्ही फाईली हायेत.

हे त्येंना वाचून दाखवावं लागतं का? नियमात हाय? — असंल तर वाचा. दारातनं वरडून नगं, बसून वाचा. आन् त्येंनी इचारलं की मला खोटारडा कोन म्हनलं, तर माझं नाव सांगा. काय म्हनलं ते मला सांगायला परत येऊ नका.

उठा आता. शटर वडायचंय मला.